सुपारीचं बूच

गळणारी कुठलीही वस्तू मला बघवत नाही. हा माझा सद्गुण आहे असं मी लग्नानंतरची आठ वर्षं समजत होतो.

यात माझा दोष थोडा आणि चौलच्या मातीचा जास्त. आमची वाडी नारळ-पोफळीची. विहिरीवर रहाट, रहाटाचं पाणी पन्हळीत, पन्हळीतून पाटात आणि पाटातून एकेका झाडाच्या आळ्यात. मध्येच एखाद्या खेकड्याने पाटाला भोक पाडलं की पाणी शेजाऱ्याच्या केळीला जायचं, आणि शेजाऱ्याची केळी आमच्या बैलाच्या घामावर पोसलेली बघणं आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही. त्यामुळे आमच्याकडे मूल उभं राहायला लागलं, की त्याच्या हातात चिखलाचा गोळा द्यायचा आणि त्याला पाटाच्या कडेला सोडायचं. दिसलं भोक की बुजव! विचार करायचा नाही.

मी ते शिक्षण मनावर घेतलं. घागर झिरपली, लाव मेण! कौल फुटलं, लाव डांबर! न्हाणीतला बंब ठिबकला, कोंब काथ्या! (काथ्या म्हणजे नारळाच्या सोडणाचा. तो आमच्याकडे इतका, की लोकांच्या खिशात रुमाल असतो तसा माझ्या खिशात काथ्या असायचा.) माझी बायको सुलभा तर म्हणायची, "मला सर्दी झाली की मी ह्यांच्यासमोर जात नाही. नाकाला काय लावतील, नेम नाही!"

अशा माणसाने गळकी गाडी विकत घ्यावी, याला काय म्हणावं?

गाडी म्हणजे पिकअप. लढाईनंतर मोडीत निघालेल्या लष्करी गाड्यांपैकी एक, बरीच वर्षं कुणाकुणाच्या हातात फिरून साठ सालानंतर केव्हातरी माझ्यापर्यंत आली. मधल्या कुठल्यातरी हुशार मालकाने तिचं मूळचं पेट्रोल इंजिन काढून त्या जागी डिझेलचं बसवलं होतं. ते डिझेल इंजिन पूर्वी काय करत होतं देव जाणे, पण त्याच्या आवाजावरून ते दगड फोडत असावं. चालू केली की गाडी जागच्या जागी अशी थरथरायची, की अंगणात वाळत घातलेल्या सुपाऱ्या आपोआप उलट्या व्हायच्या. (आईला हे एक काम कमी झालं. गाडीबद्दल ती एवढंच चांगलं बोलली.)

आणि गाडी गळायची. पुढच्या डाव्या बाजूला, पाय ठेवून आत चढायची जी पायरी असते, तिच्या शेजारी इंजिनातून एक अंगठ्याएवढी नळी खाली येऊन बाहेर वळलेली होती. गाडी चालू असली की त्या नळीतून निळसर धूर भकाभका निघायचा. आणि गाडी उभी केली की तिथूनच काळं ऑइल ठिबकायचं. टिप्. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा टिप्.

आई सकाळी अंगण सारवून, रांगोळी घालून उठायची आणि मी गाडी आणून उभी करायचो.

"अनंता, तुझ्या गाडीला अंगण कळत नाही का रे?"

"जुनी आहे ती, आई."

"मी काय नवी आहे? मी गळते का कुठं?"

मी नळीखाली एक करवंटी ठेवली. संध्याकाळपर्यंत करवंटीत बोटभर ऑइल जमायचं. ते मी फडक्याने गाळून परत इंजिनात ओतायचो. म्हणजे आमच्या गाडीचाही एक रहाटच झाला म्हणा! पण मला चैन पडेना. जेवताना माझं लक्ष त्या टिप्कडे. माडीवर झोपायला गेलो तरी कान अंगणात. सुलभा म्हणाली, "माझ्या बोलण्याकडे इतकं लक्ष दिलं असतंत तर संसार सोन्याचा झाला असता."

शेवटी रेवदंड्याला उस्मानचाचांकडे गाडी नेली. उस्मानचाचा म्हणजे आमच्या टापूतले इंजिनांचे धन्वंतरी. मचव्याचं इंजिन असो, भाताच्या गिरणीचं असो, ते आधी त्यावर कान ठेवायचे आणि मग विडी पेटवायचे. त्यांनी नळीखाली तळहात धरला, धूर हुंगला आणि म्हणाले, "काही न्हाय भाऊ. हा ब्रीदर हाय. इंजिनाचं नाक समजा. इंजिन म्हातारं झालंय, आतल्या रिंगा झिजल्यात. म्हातारा माणूस खोकतो, थुंकतो, तसं हे थुंकतंय. थुंकू द्या."

"पण गळतंय त्याचं काय?"

"गळू द्या."

"किती दिवस?"

"चालतंय तवर गळू द्या! गळायचं थांबलं तर माझ्याकडे या."

गळू द्या! वाडीतल्या माणसाला! मी गाडी घेऊन परत आलो तो उस्मानचाचा आता म्हातारे झाले, त्यांचं लक्ष राहिलेलं नाही, असं मनाशी ठरवूनच.

हे सगळं असंच चाललं असतं. पण तेवढ्यात सुलभाला अलिबागच्या मुलींच्या शाळेतून मुलाखतीचं पत्र आलं.

हे तिसरं पत्र. सुलभा लग्नाआधीच शिक्षिकेची परीक्षा पास झालेली. आमच्या घरात इंग्रजी व्याकरण येणारी ती एकटी. पहिलं पत्र आलं तेव्हा सुपारी उतरवायचे दिवस होते. मी म्हटलं, "आत्ता घाईत कशाला? पुढच्या वेळी जाऊ." दुसरं पत्र आलं तेव्हा रहाटाचा कणा मोडला होता. ते पत्र मी नीट राहावं म्हणून देव्हाऱ्यातल्या पोथीत ठेवलं, आणि पोथी निघाली थेट श्रावणात. (मी मुद्दाम केलं नाही. पण मुद्दाम केलं असतं तर याहून वेगळं काय केलं असतं, हेही मला सांगता येत नाही.) सुलभाने दोन्ही वेळा नुसती भांडी घासली होती. पहिल्यापेक्षा दुसऱ्या वेळी जरा जोरात.

तिसरं पत्र तिने मला दिलंच नाही. वाचून दाखवलं आणि पदरात बांधलं. "शुक्रवारी अकरा वाजता. जागा एकच आहे. आणि वय बघता ही शेवटचीच संधी."

"अगं मग जायचंच! मी नेतो तुला."

"नको. नऊची एस.टी. आहे."

"घरात गाडी असताना एस.टी.?"

"तुमच्या गाडीत चढायच्या पायरीशीच ती नळी आहे. मी मोतिया रंगाची साडी नेसणार आहे. एक थेंब पडला तरी..."

"एक थेंब पडणार नाही!" मी म्हणालो. दोन पत्रांचं पाप धुवायची ही संधी होती. मी तिला गाडीतून थेट शाळेच्या दारात उतरवणार होतो, एखाद्या संस्थानिकासारखा!

गुरुवारी संध्याकाळी मी आणि धर्मा कामाला लागलो. धर्मा हा आमच्या वाडीतला गडी, पन्नाशीचा, माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचा. आधी काथ्याचा बोळा नळीत कोंबला, तो सैल पडला. मग चिंधी, मग मेण. काही टिकेना. शेवटी अंगणातल्या सुपारीच्या ढिगाकडे लक्ष गेलं. मी एकेक सुपारी नळीच्या तोंडाला लावून बघू लागलो. शहरातल्या माणसाला असलं काही सुचलं नसतं. त्याच्या अंगणात सुपारीचा ढीग नसतो, हे त्याचं नशीब! चांगली टणक, गोटीबंद सुपारी निवडली, तिला काथ्याचे दोन वेढे दिले आणि लाकडी मोगरीने ठोकून नळीत पार बसवली.

धर्मा म्हणाला, "भाऊ, चाचा बोललं व्हतं, गळू द्या."

"चाचांना वाडी आहे का?"

"न्हाय."

"मग!"

सकाळी उठून आधी करवंटी बघितली. कोरडी! ठणठणीत कोरडी! मी ती करवंटी घेऊन घरभर फिरलो. आईला दाखवली, सुलभाला दाखवली. आई म्हणाली, "काय लावलंस रे?"

"सुपारी."

"सुपारी? म्हणजे गणपतीच बसवलास की!" आमच्याकडे पूजेला सुपारीचाच गणपती मांडतात, त्यामुळे आईने लगेच नळीला हळदकुंकू वाहिलं, दोन अक्षता टाकल्या, माझ्याही कपाळावर कुंकू लावलं आणि गाडीला पहिल्यांदाच मनापासून नमस्कार केला. (विघ्नहर्ता म्हणून ज्याची पूजा होते, त्यालाच नेऊन विघ्न म्हणून बसवणारा मी पहिलाच!)

नऊला आम्ही निघालो. सुलभा माझ्या शेजारी, मोतिया साडीत, मांडीवर सर्टिफिकिटांची फाइल. धर्मा मागे हौद्यात. गाडी सुरू केली तर काय नवल, धूर नाही! नळी गप्प. मी सुलभाकडे असं बघितलं, की जणू डिझेल इंजिन मीच शोधून काढलं.

नागावच्या अलीकडे नऊची एस.टी. पुढे दिसली. मी हॉर्न वाजवत तिला मागे टाकलं. सुलभा म्हणाली, "सावकाश हो." मी सावकाश कशाला जातोय! मी खिडकीतून हात काढून एस.टी.च्या ड्रायव्हरला हलवूनही दाखवला.

तेवढ्यात बॉनेटखाली आवाज झाला. फट्!

गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडलं. ऑइल मोजायची जी लांब लोखंडी पट्टी असते ती आपल्या भोकातून उडून बाजूला लटकत होती, आणि त्या भोकातून ऑइलचा फेस येत होता. तोवर एस.टी. शेजारून निघून गेली. ड्रायव्हरने हात हलवला.

"काय झालं?" सुलभा आतून म्हणाली.

"काही नाही. पट्टी सैल होती." मी पट्टी परत बसवली आणि तिच्याभोवती काथ्या आवळला. दिसलं भोक की बुजव!

पुन्हा निघालो. थांब्यावर माणसं घेत उभी असलेली एस.टी. पुन्हा मागे टाकली. या वेळी हात हलवला नाही, पण मान ताठ ठेवली. सुलभाने नाकाला पदर लावला. "कसला वास येतोय हो?"

"समुद्राचा."

"समुद्र जळतोय का मग?"

एवढ्यात पुढच्या काचेवर काळे शिंतोडे उडाले. एक, दोन, चार, मग मोजायचं कारणच उरलं नाही. मला पुढचा रस्ता दिसेना. उतरून बघतो तर ऑइल भरायच्या तोंडावरचं झाकण उडून गेलेलं, आणि इंजिनाच्या पुढच्या अंगाकडून काळा ओघळ चालू. मागून एस.टी. आली. ड्रायव्हर वेग कमी करून ओरडला, "काय भाऊ, ढकलायचं का?" आतली माणसं हसली. एक म्हातारा तर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन हसला.

सुलभा म्हणाली, "मला एस.टी.त बसवून द्या."

"पाच मिनिटं! फक्त पाच मिनिटं!"

झाकण दोनशे पावलं मागे रस्त्यात सापडलं. धर्माने ते आणलं. मी ते लावून वरून सुंभाने असं बांधलं, जशी मोळी बांधावी. पुढच्या ओघळावर काथ्या, त्यावर चिखल, त्यावर पुन्हा काथ्या. धर्मा शेजारी उकिडवा बसून बघत होता.

"भाऊ, एक बुजवलं की दुसरं उघडतंय. आत कोन हाय काय?"

"कोण असणार आत?"

"कोनतरी भायेर येयाला बगतंय."

त्या अडाणी म्हटलेल्या माणसाला जे कळलं ते मला कळलं नाही, हे आज लिहितानाही कानाच्या पाळ्या गरम होतात.

तिसऱ्यांदा निघालो. एस.टी. बिचारी प्रत्येक गावात थांबणारी, त्यामुळे तिला पुन्हा गाठली, पुन्हा मागे टाकली. या वेळी मी तिच्याकडे बघितलंच नाही. गाडी आता वेगळीच थरथरत होती. आधी ती सगळी मिळून थरथरायची, आता फक्त इंजिन थरथरत होतं आणि बाकीची गाडी त्याला घाबरून होती. आक्षीच्या खाडीवरचा पूल दिसायला लागला आणि वेग एकदम पडला. मी गाडी कडेला घेतली, पण इंजिन बंद केलं नाही. बंद केलं तर परत लागेल याची खात्री नव्हती.

सुलभाने दार उघडलं. फाइल सीटवर ठेवून ती खाली उतरली. घड्याळ बघितलं. मला म्हणाली, "एस.टी. मागे आहे. मी हात दाखवते आता."

"इथं थांबा नाही. तो नाही थांबणार."

"थांबेल."

"अगं, आता सगळं बुजवलंय! एक थेंब बाहेर येत नाहीये! हे बघ, हे बघ!"

मागून एस.टी. आली. सुलभा पायरीशी उभी राहून हात वर करत होती. ड्रायव्हरने मान हलवून 'नाही' म्हटलं आणि वेग वाढवला. आणि त्याच क्षणी, बायकोची खात्री पटवण्यासाठी, मी ॲक्सिलरेटरवर पाय पूर्ण दाबला.

धडाड्!

बंदुकीचा बार काढावा तसा आवाज झाला. पोफळीवरचे कावळे उडाले. सुपारी नळीतून सुटली, रस्त्याकडेच्या कुंपणावर आपटली, आणि तिच्यामागून इतका वेळ कोंडलेलं ते सगळं बाहेर आलं. धूर, फेस आणि काळंभोर ऑइल! नळीच्या समोर, हातभर अंतरावर, मोतिया साडी उभी होती.

गुडघ्यापासून खाली एक बाजू काळी झाली.

सुलभाने खाली बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. ती ओरडली असती तर फार बरं वाटलं असतं. तिचे फक्त डोळे भरले, आणि त्या वेळी मला पहिल्यांदा, अगदी पोटातून, कळलं की मी काय केलं. तीन वेळा केलं.

पण पुढून करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. एस.टी. थांबली होती! धडाड् ऐकून ड्रायव्हरला वाटलं, आपलाच टायर फुटला. तो खाली उतरला, मागून कंडक्टर उतरला, आणि दोघं वाकून चाकं बघू लागले.

सुलभाने डोळे पुसले. रस्त्याला लागून एक घर होतं, ओटीवर एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. सुलभा जवळजवळ धावतच तिकडे गेली. "आजी, साडी बदलायला जरा आत येऊ का?"

"ये बाय, ये! अगो माजे आये, ह्या काय झाला?"

तिच्याजवळ दुसरी साडी कुठली? मी धर्माला म्हणालो, "आता काय रे?" पण धर्मा माझ्याजवळ नव्हता. तो एस.टी.पाशी पोचला होता.

"डायवरसायेब, मागला डावा बसल्यावानी दिसतंय."

"बघितला तो. ठीक आहे."

"मंग आतला. आतल्या चाकातून हवा जातीया. सूं सूं ऐकू येतंय."

ड्रायव्हर आडवा होऊन गाडीखाली शिरला. "कुठं येतंय ऐकू?"

"आता बंद झाला. थांबा, परत येल."

कंडक्टर म्हणाला, "अरे, तुझ्या मालकाच्या गाडीचा आवाज असेल तो!"

"न्हाय वो. आमच्या गाडीत आता आवाज काडायला काय रायलंच न्हाय."

एवढ्यात सुलभा बाहेर आली. साडी तीच, पण काळं कुठेच नाही! बायका काय डोक्याच्या असतात! तिने साडी उलटी करून नेसली होती. खालचा काठ वर, वरचा खाली. आणि डागाळलेला सगळा भाग कमरेच्या निऱ्यांत खोचून टाकला होता. पोट जरा फुगलेलं दिसत होतं, एवढंच. ती माझ्या शेजारून गेली, एस.टी.त चढली आणि खिडकीतून म्हणाली, "तुम्ही येऊ नका."

एवढं स्पष्ट ती मला आठ वर्षांत पहिल्यांदा बोलली. एस.टी. पुलावरून दिसेनाशी झाली. मी गाडीकडे वळलो आणि सीटवर बघतो तर फाइल!

तिची सगळी सर्टिफिकिटं त्या फाइलीत होती.

"धर्मा, चल!"

"वयनी बोलल्या, येऊ नका."

"चल म्हणतो ना!"

गाडी चालू केली. तर काय सांगावं, ती अशी लागली की जणू कधी बिघडलीच नव्हती! नळीतून भकाभका धूर, नेहमीचा निळसर. थरथर नेहमीची, सगळ्या अंगाने. फक्त पट्टी काढून बघितली तर तिच्या टोकाला जेमतेम ओल. ऑइल सगळं रस्त्यावर आणि साडीवर. ते नसताना गाडी हाकली तर इंजिन पुलावरच जॅम झालं असतं. मी ओटीवरच्या म्हातारीपुढे हात जोडले.

"आजी, तेल आहे का?"

"हाय की. घरच्या खोबऱ्याचा. डोक्याला लावतंव का?"

आजीचा डबा मी इंजिनात ओतला. धर्माने तोंड फिरवलं. त्याला ते बघवेना. आणि पुढचं सगळं अंतर आमची गाडी करंज्या तळत गेली. दुसरा शब्द नाही. तोच खमंग वास, गावागावातून. अलिबागच्या वेशीवर तर एक कुत्रा बराच वेळ आशेने मागून धावत होता.

शाळेच्या फाटकात गाडी घातली तेव्हा अकरा वाजून गेले होते. वर्गांच्या खिडक्यांत मुली जमल्या. शिपाई नाक फेंदारत बाहेर आला. "काय तळताय?" मी त्याला बाजूला सारून फाइल घेऊन पळालो आणि थेट मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत शिरलो.

आत सुलभा बसली होती. समोर मोठ्या बाई, चष्म्यातून माझ्याकडे बघत. माझ्या तोंडाला ऑइल, शर्टाला ऑइल, खिशातून काथ्या लोंबतोय, कपाळावर घामाने ओघळलेलं आईचं कुंकू. मी काळ्या हातांनी फाइल पुढे केली. फाइलीवर पाचही बोटं उमटली.

मोठ्या बाई म्हणाल्या, "हे कोण?"

सुलभाने माझ्याकडे शांतपणे बघितलं. पापणीसुद्धा हलली नाही.

"आमचे ड्रायव्हर."

मी लवून नमस्कार केला. दुसरं काय करणार? बाहेर आलो आणि दाराशेजारच्या बाकावर बसलो. शिपायाने मला उठवून जमिनीवर बसवलं. बाकाला डाग पडतील म्हणून.

आतलं बोलणं ऐकू येत होतं. व्याकरणाचे प्रश्न झाले, गणिताचे झाले. मग मोठ्या बाई म्हणाल्या, "याआधी दोनदा पत्र पाठवलं होतं आम्ही. तुम्ही आला नाहीत. उत्तरही नाही. मिस्टरांची हरकत आहे का? असेल तर आत्ताच सांगा. वर्षाच्या मध्यात सोडून जाणारी शिक्षिका आम्हाला नको."

मी भिंतीला डोकं टेकलं. खरं सांगण्याचा तिला पूर्ण हक्क होता, आणि खरं सांगितलं असतं तर जागा गेली असती.

सुलभा म्हणाली, "हरकत नव्हती कुणाची. वाट जरा तुंबली होती. आज सकाळी मोकळी झाली."

मला रडू आलं. तोंडाला ऑइल असताना माणसाने रडू नये. शिपाई दचकून म्हणाला, "काय हो, बाई नोकरीवरून काढतायत काय तुम्हाला?"

जागा सुलभाला मिळाली. आठवड्याच्या आत पत्र आलं. ते तिने स्वतः उघडलं, स्वतः वाचलं आणि स्वतःच्या ट्रंकेत ठेवलं. त्यानंतरची सगळी वर्षं ती अलिबागला एस.टी.नेच जात-येत होती. तो ड्रायव्हर तिला थांबा नसतानाही चढवून घ्यायचा. आणि मी कधी शाळेत गेलोच, गॅदरिंगला म्हणा, पंधरा ऑगस्टला म्हणा, तर शिपाई मला व्हरांड्यात चहा आणून द्यायचा आणि आपुलकीने विचारायचा, "काय, अजून त्यांच्याकडेच आहात?"

पण हे नंतरचं. त्या शनिवारी आम्ही गाडी रेवदंड्याला नेली. सुलभाही आली. मला वाटलं, सोबतीला आली. उस्मानचाचांनी पट्टी काढून हुंगली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा हुंगली. "खोबरेल?" धर्माने कुंपणाशी उचलून ठेवलेली ती सुपारी खिशातून काढून त्यांच्या हातावर ठेवली. काळीकुट्ट, अजून तिला काथ्याचे दोन वेढे. चाचांनी विडी पेटवली नाही. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"भाऊ," ते म्हणाले, "रिंगा झिजल्या की वरचा जाळ खाली उतरतो. खाली दाब होतो. त्या दाबाला भायेर जायाला एकच वाट, ही नळी. धुराबरोबर चार थेंब ऑइल येणारच. ती वाट बंद केली तर दाब काय आत गप बसतो? जिथून फावेल तिथून फाडून निघतो. चार थेंब वाचवायला गेला आणि सगळं घालवून बसला. गळतंय म्हणजे बिघडलंय असं न्हाय. गळतंय म्हणून चाललंय."

मी मान डोलावली आणि निघायला उठलो. सुलभाने मला हाताला धरून खाली बसवलं.

"चाचा," ती म्हणाली, "शेवटचं परत एकदा सांगा. सावकाश सांगा. ह्यांना नीट ऐकू दे."

चाचांनी परत सांगितलं. धर्मानेही पुढे सरकून ऐकलं, वास्तविक त्याला ते आधीच ठाऊक होतं.

गाडी पुढे भंगारात गेली. नळी शेवटपर्यंत उघडी होती आणि अंगण शेवटपर्यंत काळं होत होतं. त्या सुपारीने आईच्या देव्हाऱ्यात गणपतीशेजारी जागा पटकावली. "तिनेच एस.टी. थांबवली" असं आईचं म्हणणं, आणि ते खोडून काढायची माझी हिंमत नव्हती. वाडीतले पाट मी अजून बुजवतो, कौलं बुजवतो. पण सुलभा संध्याकाळी शाळेतून घरी आली, की पाय धुऊन ओटीवर बसते आणि बोलायला सुरुवात करते. मोठ्या बाई, तपासायच्या वह्या, मुलींचे पालक, आणि शेवटी, न चुकता, मी. तासभर. पूर्वी मी मध्येच म्हणायचो, "जाऊ दे ना आता." आता एक अक्षर बोलत नाही. तिच्यासमोर खालच्या पायरीवर जाऊन बसतो.

आईने एकदा विचारलं, "अनंता, तिथं काय करतोस रे रोज?"

"काही नाही, आई," मी म्हणालो. "मी करवंटी आहे."